आक्कांना सांगायची मॅच

हाफ टाइम झाला तेव्हा दोन्हीकडं शून्य होतं. मी स्टेडियमवर बायका बसतात त्या बाजूला, खालून चौथ्या पायरीवर बसले होते. शेजारच्या बाईनं शेंगदाणे पुढं केले, त्यातले दोन घेतले. तेवढ्यात खाली जाळीपाशी माझे मालक दिसले. अंगावर वर्कशॉपचे कपडे, हाताला ऑइल. कामाच्या दिवशी ते कधी मॅचला येत नाहीत, म्हणून मी उठून खाली गेले. ते म्हणाले, "किती झालंय?" मी म्हणाले, "शून्य-शून्य." "अवधूत कसा खेळतोय?" "बरा खेळतोय." मग म्हणाले, "चल घरला. आक्का गेली..."

आधी स्कोर का विचारला, हे मी त्यांना चार दिवसांनी विचारलं. ते म्हणाले, तोंडातून दुसरं काही निघेचना. रिक्षात बसलो. मागं स्टेडियमवर एकदम गलका उठला, तेव्हा त्यांनी मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. दुपारी जेवून आक्का कॉटवर टेकल्या होत्या, शेजारीण ताक मागायला आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. एवढंच. मी घरात नव्हते, कारण त्यांनीच मला मॅच बघायला पाठवलं होतं.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, माझी नणंद. नाव सुमन, पण पेठेत लहानथोर सगळे आक्काच म्हणायचे. गडहिंग्लजला दिली होती. चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. बाकी त्यांचं सगळं आयुष्य फुटबॉलमध्ये गेलं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडं पेठेपेठेच्या तालमीची आपली टीम असते, आमच्या टीमचा शर्ट जांभळा. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून त्या मॅचला जायच्या. नवरा गेल्यावर पण जायच्या थांबल्या नाहीत. तेव्हा बायकांना वेगळी बाजू नव्हती. विधवा बाईनं बाप्यांत उभं राहून ओरडावं का, असं कोणीतरी तोंडावर म्हणालं, तर आक्का म्हणाल्या, "बरं, मग तू वरड, मी बसतो गप्प. जमंल तुला?" रेफ्रीनं चुकीची शिट्टी मारली की त्यांचा आवाज पलीकडच्या गॅलरीत जायचा, "ओ पावणं, शिट्टी भाड्यानं आणलीया व्हय?" आमच्या टीमच्या पोरांना पण त्या सोडत नसत. जिंकले तरी शिव्या, हरले तरी शिव्या. हरल्यावर जरा कमी.

त्या घरात वागायला सोप्या होत्या असं मी लिहिणार नाही. पहिला चहा त्यांना लागायचा, आमटीत मीठ किती घालायचं ते त्या सांगायच्या, आणि मी बोलत नाही म्हणून पहिली काही वर्षं त्यांनी माझं नाव 'मुकी' ठेवलं होतं. मी बिद्रीच्या पुढच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आले तोवर फुटबॉलची मॅच कधी बघितली नव्हती. मॅचवरून आल्या की आक्का मी भाकरी थापत असताना समोर वाट्या मांडून सगळा खेळ पुन्हा दाखवायच्या. ही वाटी आपली, ती त्यांची, वाटाणा म्हणजे बॉल. मी हं हं म्हणायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. पण सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

या वर्षी सिझन सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, जिना नको, गर्दी नको, ओरडणं तर अजिबात नको. पहिल्या दोन मॅच त्यांनी मोबाइलवर बघितल्या. दोन्ही आम्ही जिंकलो, पण दुसऱ्या मॅचला शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि आक्कांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालकांनी मोबाइल काढून घेतला. पण आमचं घर स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. आवाज घरात येतो. ओरडा झाला की आक्का कॉटवर उठून बसायच्या, आपला का त्यांचा, आपला का त्यांचा... ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या मॅचच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"मंगल, तू जा. बघ आणि येऊन सांग. झाल्यालं ऐकून काय माझं हार्ट बंद पडत न्हाय."

"मला काय कळतंय आक्का त्यातलं?"

"डोळं हाईत न्हवं? चष्मा हाय न्हवं? मग झालं की."

मी गेले. तोवर एवढ्या माणसांत मी एकटी कधी बसले नव्हते. बॉल इकडून तिकडं जायचा, मला तो सापडायचा नाही. बावीस माणसं पळत होती. शेवटी मी जो एका जागी उभा असतो त्याच्यावर नजर ठेवली. आमचा गोलकीपर अवधूत. त्याचा शर्ट पण सगळ्यांपेक्षा वेगळा, हिरवा. आमच्याच पेठेतला, पहाटे डेअरीवर कामाला जाणारा, विशीच्या पुढचा मुलगा. दीड तास मी त्यालाच बघितलं आणि घरी येऊन तेच सांगितलं.

मला वाटलं आक्का रागावणार. त्या आधी पोट धरून हसल्या, डॉक्टरांनी हसायला बंदी केली नव्हती म्हणून बरं. मग म्हणाल्या, "सांग सांग, थांबू नगो." मी म्हणाले, पहिल्या हाफात तो बराच वेळ पुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभा होता. "म्हंजे बॉल पलीकडं. आपली पोरं चढल्याली." मग एकदा त्यानं उजवीकडं हात करून कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि खांबाला चिकटला. "कॉर्नर. उजवीकडचा माणूस मोकळा सोडला असणार त्या घोड्यानं." असं करत करत त्यांनी सगळी मॅच उभी केली. नंतर मालक तालमीतून ऐकून आले, ते पण तंतोतंत तसंच होतं. त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो. पुढच्या मॅचला बरोबरी झाली. मी प्रत्येक वेळी अवधूतला बघून यायचे, विसरायला नको म्हणून येऊन आधी वहीत लिहायचे, आणि आक्का माझ्याकडून ती मॅच काढून घ्यायच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.

मग टीमचं फिरलं. पाचवी मॅच हरलो, सहावी पण हरलो. दोन्ही मॅच उशिराच्या, दुसऱ्या हाफात ऊन उतरलेलं, आणि दोन्ही गोल लांबून मारलेले. वरच्या आठ टीममध्ये राहायचं का खाली जायचं, असा प्रश्न आला. पेठेत हरणं कोणी साधं घेत नाही. सहाव्या मॅचनंतर पायऱ्या उतरताना माझ्या मागं पोरं ओरडत होती, "विकली! अवध्यानं मॅच विकली!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराला कोणीतरी चपलांचा हार अडकवला होता. त्याची आई कोपऱ्यावर भाजी विकायला बसते. ती त्या दिवशी आली नाही, पुढं पण दोन दिवस आली नाही.

मी आक्कांना सांगत होते. म्हणाले, जवळचा बॉल तो मांजरासारखा धरतो. पण लांबून मारला की आधी डोळे बारीक करतो, मान पुढं काढतो, आणि मग हलतो. दोन्ही वेळा तसंच केलं. आक्कांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघींच्या मनात एकच आलं होतं.

मला लहानपणी फळ्यावरचं दिसत नव्हतं. ते दिसत नाही हे मला माहीत नव्हतं, सगळ्यांनाच तसं दिसत असेल असं वाटायचं. शेजारची मुलगी वाचायची ते ऐकून मी पाठ करायचे आणि माझी पाळी आली की म्हणायचे. पाठ नसलं की गप्प. मास्तर वडिलांना म्हणाले, हिच्या डोक्यात शिरत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आम्ही माहेरी निघालो होतो, आक्का पोचवायला आल्या होत्या. एसटी स्टँडवर मी चालत जाऊन भलत्याच माणसाशेजारी उभी राहिले. पांढरा शर्ट बघून मला वाटलं आमचे मालक. आक्का आधी हसल्या, आणि परत आल्यावर मला धरून दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. चष्मा लागला. मालकांबरोबर जाऊन तो घेऊन आले तेव्हा आक्का दारात उभ्या होत्या आणि मला लांबूनच त्यांच्या तोंडावरचे देवीचे व्रण दिसले. तोवर त्या मला गुळगुळीत वाटायच्या. मी तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "आता दिसलं व्हय? काड तो चष्मा."

म्हणून मला अवधूतचे डोळे ओळखता आले. आक्का म्हणाल्या, "मंगळवारी तालमीत मिटिंग हाय. त्याला टीममधनं काडणार, आन् एकदा विकली म्हणून काडला की त्याला जल्मात कोण उभं करत न्हाय. तू जा आन् बाबूभाईला सांग."

बाबूभाई आमच्या टीमचे मॅनेजर. चपलांचं दुकान आहे, पण सगळा वेळ तालमीत. माणूस रागीट पण खरा. मंगळवारी संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन तालमीच्या पायरीपर्यंत गेले. आत बायका जात नाहीत. आत पंधरा-वीस माणसं बसली होती, आवाज चढले होते. बाबूभाईंनी मला बघितलं. "काय पायजे वैनी?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "काही नाही. आमचे मालक आलेत का बघायला आले." ते म्हणाले, "न्हाय आलं." मी परत फिरले. घरी आल्यावर आक्कांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणाले, "सांगितलं." "काय म्हणाला?" "बघतो म्हणाले."

आयुष्यात मी आक्कांशी एवढं एकच खोटं बोलले. म्हणजे दोनदा. कारण रविवारी मॅच होती आणि गोलमध्ये दुसराच मुलगा उभा होता, उंच, केस मोठे. आम्ही तीन-शून्यनं हरलो. घरी येताना मी ठरवलं की गोलकीपरचं नाव घ्यायचं नाही, नुसता 'तो' म्हणायचं. कॉटवर बसून सांगायला लागले. तो असा उभा राहिला, त्यानं असा बॉल टाकला... आक्कांनी डोळे मिटले होते. मधेच म्हणाल्या, "गोल किक कुठल्या पायानं मारली?" मी म्हणाले, "डाव्या." आक्कांनी डोळे उघडले.

"मंगल, अवध्या उजव्या पायाचा हाय. तू आज कुणाला बघून आलीस?"

मी चष्मा काढून पदरानं पुसायला लागले.

"म्हंजे तू सांगितलंच न्हाईस."

मला वाटलं आता आवाज चढणार, डॉक्टर, गोळ्या, सगळं डोक्यात आलं. पण त्या अगदी हळू बोलल्या. "तुझ्या मास्तरानं तुझं जे केलं, तेच तू त्या पोराचं केलंस." आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मी तिथंच बसून राहिले. थोड्या वेळानं त्या उठल्या, पाय खाली सोडले आणि पायानंच चपला चाचपायला लागल्या. "मी जातो." दोन घरं चालल्या तरी त्यांना धाप लागत होती. मी चपला कॉटखाली ढकलल्या. म्हणाले, "बसा. मी जाते."

अजून उजेड होता. तालमीच्या पायरीवर बाबूभाई आणि पाच-सहाजण बसले होते. हरल्यामुळं सगळ्यांची तोंडं उतरलेली. अवधूत पण होता, लांब, भिंतीला टेकून. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, पण तो यायचा. मी म्हणाले, "बाबूभाई, अवधूतला लांबचं दिसत नाही. त्याचे डोळे तपासा." आवाज एवढा बारीक निघाला की ते म्हणाले, "काय?" मी परत सांगितलं. कोणीतरी हसलं. बाबूभाई म्हणाले, "वैनी, चष्मा घालून गोलमधी उभा करू व्हय?" पण त्यांनी अवधूतला बोलावलं. "ती समोरच्या गिरणीची पाटी वाच बघू." अवधूतनं घडाघडा वाचली. मालकाचं नाव, कांडप, दळण, वेळ सगळं. सगळे मोठ्यानं हसले. "झालं का वैनी समाधान?"

तिथं मी परत फिरले असते. पण मला शेजारच्या मुलीचं ऐकून पाठ केलेलं सगळं आठवलं. मी म्हणाले, "ती त्याला पाठ आहे. पेठेत सगळ्यांनाच पाठ आहे. ती तिथं रिक्षा उभी आहे, तिचा नंबर वाचायला सांगा."

अवधूतनं डोळे बारीक केले. मान पुढं काढली. मग एक पाऊल पुढं गेला, अजून एक. कोणी हसलं नाही. तो चालत चालत रस्ता ओलांडून रिक्षापर्यंतच्या अर्ध्या वाटेच्या पुढं गेला, तेव्हा कुठं त्यानं नंबर वाचला. बाबूभाई बसल्या जागेवरून उठले. "आयला... कवापास्नं रं?" अवधूत म्हणाला, "मला वाटलं सगळ्यांस्नी असंच दिसतंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं का ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होते.

घरी आले. आक्कांनी विचारलं, "आवाज निघाला?" मी म्हणाले, "निघाला." "मग चहा टाक." शाबासकी वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी बाबूभाई अवधूतला घेऊन डॉक्टरांकडं गेले, चार-पाच दिवसांत डोळ्यांत घालायच्या काचा आल्या. पहिले काही दिवस त्याचे डोळे लाल व्हायचे, डेअरीत कॅनला धडकायचा. चपलांचा हार ज्यांनी घातला त्यांनी कबूल केलं नाही आणि माफी पण मागितली नाही. पेठ अशीच आहे. पण त्याची आई पुन्हा कोपऱ्यावर बसायला लागली, आणि एकदा मी मेथी घेतली तेव्हा तिनं न बोलता अजून एक जुडी पिशवीत टाकली.

आठव्या मॅचला बाबूभाईंनी त्याला पुन्हा उभा केला. त्या दुपारी मी निघताना आक्का जेवत होत्या. म्हणाल्या, "आज नुसतं त्याला बघत बसू नगो. बॉल बी बघ जरा." मी बरं म्हणाले. हेच आमचं शेवटचं बोलणं. ती मॅच मी अर्धीच बघितली, आणि त्या अर्ध्यातली पण आक्कांना सांगायची राहिली.

तिसऱ्या दिवशी बाबूभाई घरी भेटायला आले. बसले आणि स्वतःहूनच मॅच सांगायला लागले. एक-एक झाली, आपला गोल आधी, त्यांचा गर्दीतून घुसला, त्यात कोणाची चूक नव्हती. पण शेवटी एक लांबून आलेला अवधूतनं... एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठं बसलोय. ते थांबले. मालक म्हणाले, "सांगा की बाबूभाई. आक्काच्याच घरात बसलाय तुम्ही." मग त्यांनी हात लांब करून बसल्या जागेवर दाखवलं, कसा तो उडाला आणि बोटांनी बॉल बाहेर काढला. जमलेल्या बायका बघतच राहिल्या.

त्यानंतर टीमचं काही सगळं सरळ झालेलं नाही. एक जिंकतो, एक हरतो. वरच्या आठात कसेबसे राहिलो. अवधूतनं गेल्या आठवड्यात एक साधा बॉल सोडला आणि माझ्या मागं पुन्हा एकजण ओरडला, "विकली!" मी मागं वळून म्हणाले, "चुकला तो. विकली म्हणू नका." त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. पण मॅच संपेपर्यंत तो पुन्हा तसं ओरडला नाही.

मी अजून प्रत्येक मॅचला जाते. कोणी पाठवत नाही. येऊन वहीत लिहिते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता हे लिहिते आहे. आक्कांची नवारीची कॉट आम्ही काढलेली नाही. मधोमध त्या बसायच्या तिथं ती खाली गेली आहे, त्या जागेवर आम्ही दोघंही बसत नाही, कडेला बसतो. परवा मी मॅचवरून आले तर मालक कॉटच्या कडेला चहा घेऊन बसले होते. म्हणाले, "जिंकलो म्हणं. गोल कुणी मारला?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"मग गेलतीस कशाला?"

"अवधूतला बघायला."

त्यांनी कप खाली ठेवला. मग कडेचं पांघरूण उचलून माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाले, "बरं. त्यानं काय काय केलं ते सांग. सुरवातीपास्नं."

मी बसले. म्हणाले, पहिल्यांदा तो पुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभा होता. मालक विचारात पडले. म्हणाले, "म्हंजे... बॉल पलीकडं होता?"

मी म्हणाले, "व्हय."